बेचाळीसला एक

१९९० च्या फेब्रुवारीत लास व्हेगासच्या बहुतेक जुगारघरांनी एका लढतीवर पैजा घ्यायलाच नकार दिला. एका बाजूला माइक टायसन, दुसऱ्या बाजूला बस्टर डग्लस. निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक असेल, तर पैज लावायची कशावर? मिराज नावाच्या एकाच जुगारघरानं भाव काढला, तो होता बेचाळीसला एक. डग्लसवर हजार रुपये लावा. तो जिंकला तर बेचाळीस हजार तुमचे. हाच भाव उलटा वाचला तर अर्थ असा, की या दोघांच्या ४३ लढती लावल्या तर त्यांतली जेमतेम एक डग्लसच्या नावावर पडेल.

भाव काढणाऱ्याला दोष देता येत नाही. हेवीवेट गटात टायसन तोवर ३७ लढती खेळला होता आणि ३७ जिंकला होता. त्यांतल्या ३३ वेळा समोरचा गडी लढत पूर्ण होईपर्यंत टिकलाच नव्हता. डग्लसच्या खात्यावर २९ विजय, ४ पराभव आणि १ बरोबरी. टायसनला मिळणार होते ६० लाख डॉलर, डग्लसला १३ लाख. त्यात लढतीच्या २३ दिवस आधी डग्लसची आई वारली.

११ फेब्रुवारीला टोकियोत लढत झाली. आठव्या फेरीत डग्लस खाली पडला आणि पंचांनी नऊ म्हणेपर्यंत उठला. दहा म्हटले असते तर सगळं तिथंच संपलं असतं. दहाव्या फेरीत १ मिनिट २३ सेकंद झाली असताना खाली पडलेला टायसन मात्र वेळेत उठू शकला नाही. तीन-तीन मिनिटांच्या नऊ फेऱ्या आणि ही अपुरी दहावी मिळून २८ मिनिटं २३ सेकंदांत ३७ विजयांची माळ तुटली.

पुढचा आकडा कमी लोकांच्या लक्षात राहतो. २५ ऑक्टोबर १९९० ला, म्हणजे बरोबर २५६ दिवसांनी, डग्लस इव्हँडर होलिफील्डसमोर उभा राहिला. टोकियोत त्याचं वजन होतं १०५ किलो. या वेळी भरलं सुमारे ११२ किलो. मानधन १३ लाखांवरून २ कोटी ४० लाख डॉलरच्या घरात गेलं होतं. तिसऱ्या फेरीत तो आडवा झाला आणि अजिंक्यपद गेलं. मानधन अठरा पट झालं, पण पद वर्षभरही टिकलं नाही.

एका ठोशाचं वजन

हेवीवेट गटातला ठोसा म्हणजे काय, हे १९८५ साली ब्रिटनमध्ये संशोधकांनी मोजलं. फ्रँक ब्रूनो या ब्रिटिश हेवीवेटला त्यांनी यंत्र बसवलेल्या लक्ष्यावर ठोसा मारायला सांगितला. मूठ सेकंदाला ८.९ मीटर वेगानं गेली. ताशी ३२ किलोमीटर म्हणजे आपल्या गल्लीतल्या मोटरसायकलचा वेग, त्यात विशेष काही नाही. पण लक्ष्यावर बसलेला जोर ४,०९६ न्यूटन भरला, आणि तोही सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या दत्त साखर कारखान्यातून निघणारी ५० किलोची साखरेची आठ पोती एकावर एक रचावीत आणि त्यांचा सगळा भार एका मुठीएवढ्या जागेवर क्षणभर यावा, तेवढा हा जोर.

एवढा ठोसा असलेल्या माणसाला जगज्जेता व्हायला किती वेळ लागावा? ब्रूनोनं कारकिर्दीत ४५ लढतींपैकी ४० जिंकल्या आणि त्यांतल्या ३८ लढती समोरच्याला गारद करून. पण जागतिक पदासाठी तो १९८६ साली टिम विदरस्पूनकडून हरला, १९८९ साली टायसनकडून हरला, १९९३ साली लेनॉक्स लुईसकडून हरला. चौथ्या प्रयत्नात, २ सप्टेंबर १९९५ ला वेम्बलीच्या मैदानात ऑलिव्हर मॅकॉलला हरवून तो जगज्जेता झाला. वय ३३. पुढच्याच मार्चमध्ये टायसननं ते पद काढून घेतलं. आयुष्यात पाच पराभव आणि त्यांतले चार जागतिक पदाच्या लढतीत. ठोशाचा जोर यंत्रावर मोजता येतो. तो योग्य माणसाला योग्य क्षणी बसेल की नाही, हे कुठलंही यंत्र सांगत नाही.

३६४ दिवस

हलका समजल्या गेलेल्या हेवीवेटची सगळ्यांत थक्क करणारी कारकीर्द मात्र ब्रूनोच्या साठ वर्षं आधीची आहे. जेम्स ब्रॅडॉक १९२६ साली व्यावसायिक बॉक्सर झाला. १८ जुलै १९२९ ला त्याच्यापुढे टॉमी लॉफ्रन होता आणि पणाला लागलं होतं हेवीवेटच्या खालच्या वजनी गटाचं जागतिक पद. १५ फेऱ्यांनंतर ब्रॅडॉक गुणांवर हरला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. ब्रॅडॉकचा उजवा हात पुन्हा पुन्हा मोडत राहिला. पुढच्या ३३ लढतींत त्याचा हिशेब झाला ११ विजय, २० पराभव, २ बरोबरी. म्हणजे दर पाच लढतींमागे तीन पराभव.

१९३३ च्या सप्टेंबरमध्ये हात इतका दुखावला की बॉक्सिंग थांबलं. बायको आणि तीन लेकरं घरी. तो गोदीवर हमाली करू लागला आणि तेवढ्यानं भागेना तेव्हा सरकारी मदतीच्या रांगेत उभा राहिला. गोदीवर उजवा हात वाचवण्यासाठी तो माल डाव्या हातानं उचलायचा. ज्या हाताकडे बॉक्सर म्हणून त्यानं कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं, तो हात या हमालीनं भक्कम झाला.

१४ जून १९३४ ला एका मोठ्या लढतीच्या आधी कॉर्न ग्रिफिन या उगवत्या गड्यासमोर कुणीतरी उभं करायचं होतं. ब्रॅडॉकला दोन दिवस आधी बोलावणं आलं. मानधन २५० डॉलर. तिसऱ्या फेरीत ग्रिफिन संपला. नोव्हेंबरमध्ये जॉन हेन्री लुईस हरला, मार्चमध्ये आर्ट लास्की हरला. आणि १३ जून १९३५ ला समोर आला जगज्जेता मॅक्स बेअर. याच बेअरच्या ठोशांनी १९३० साली फ्रँकी कॅम्पबेल नावाच्या बॉक्सरचा जीव गेला होता. भाव होता दहाला एक, बेअरच्या बाजूनं. वजनातही बेअर सात किलोंनी जड. १५ फेऱ्या, ४५ मिनिटं. पंचांनी एकमुखानं ब्रॅडॉकला विजयी ठरवलं.

२५० डॉलरची ती बदली लढत आणि जगज्जेतेपद यांच्यामध्ये ३६४ दिवस होते. वर्ष पुरं व्हायला एक दिवस कमी. हाती पैसे आल्यावर ब्रॅडॉकनं सरकारी मदतीची रक्कम परत केली.

यानंतरचा व्यवहारही ऐकण्यासारखा आहे. २२ जून १९३७ ला जो लुईसनं आठव्या फेरीत ब्रॅडॉकला हरवलं. पहिल्या फेरीत ब्रॅडॉकनं लुईसला खाली पाडलं होतं, पण पुढे त्याचं काही चाललं नाही. मात्र ही लढत स्वीकारताना त्यानं अट घातली होती, की लुईस जिंकला तर पुढची दहा वर्षं लुईसच्या लढतींच्या नफ्यातला दहावा हिस्सा आपल्याला मिळावा. लुईस पुढे सुमारे १२ वर्षं जगज्जेता राहिला आणि २५ वेळा त्यानं ते पद राखलं. सरकारी मदतीच्या रांगेत उभा राहिलेला माणूस पराभवातूनही कमाई कशी करावी, हे शिकून आला होता.

१९ सेकंद कमी

चक वेपनर दारू विकायचा फिरता विक्रेता होता आणि फावल्या वेळात सराव करायचा. ठोसा लागला की त्याचा चेहरा लगेच फुटायचा. कारकिर्दीत त्याच्या चेहऱ्यावर तीनशेहून जास्त टाके पडले. २४ मार्च १९७५ ला, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्याला महंमद अलीसमोर उभं राहण्याची संधी मिळाली. अलीला १५ लाख डॉलर, वेपनरला १ लाख.

नवव्या फेरीत अली खाली बसला. अलीचं म्हणणं वेपनरनं पायावर पाय दिला, वेपनरचं म्हणणं ठोसा बसला. पंधराव्या आणि शेवटच्या फेरीत घड्याळात १९ सेकंद उरले असताना पंचांनी लढत थांबवली. ४५ मिनिटांचे २,७०० सेकंद होतात. वेपनर त्यातले २,६८१ सेकंद अलीसमोर उभा होता. राहिलेले १९ सेकंद शेकडा एकसुद्धा भरत नाहीत. ही लढत पाहून सिल्व्हेस्टर स्टॅलोननं एका सिनेमाची पटकथा लिहिली. तो सिनेमा २८ दिवसांत चित्रित झाला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळाला आणि अनेकांना बॉक्सिंग माहीत झालं ते त्यामुळेच. वेपनरला त्यात वाटा मिळाला नाही. सिनेमाची कमाई अशी वाटली गेली, की कथा एकाची आणि कोट्यवधी दुसऱ्याचे. २००३ साली वेपनर कोर्टात गेला, तेव्हा कुठे २००६ साली तडजोड झाली.

आता एका माणसाची गोष्ट, ज्याच्यावर कुणी सिनेमा काढण्याची शक्यता नाही. बर्मिंगहॅमचा पीटर बकली हेवीवेट नव्हता, पण हरण्याच्या हिशेबात त्याच्याइतका मोठा माणूस सापडणं कठीण. १९८९ ते २००८ या १९ वर्षांत तो ३०० व्यावसायिक लढती खेळला. ३२ जिंकल्या, १२ बरोबरीत सुटल्या आणि २५६ हरला. नवे, होतकरू बॉक्सर घडवायचे तर त्यांना अनुभवी पण हरवता येण्याजोगा गडी लागतो. बकली तो गडी होता. पुढे जगज्जेता झालेला नसीम हमीदही त्याच्याशी लढून गेला. तीनशेवी लढत बकलीची शेवटची होती, आणि ती त्यानं जिंकली.

मातीतला हिशेब

इथवरचा प्रत्येक आकडा आपल्याला सांगता आला, कारण तो कुणीतरी लिहून ठेवला आहे. बॉक्सिंगमध्ये लढत लढली की तिची नोंद होते. किती विजय, किती पराभव, कितव्या फेरीत, किती सेकंदांनी. बॉक्सर पुढच्या गावी गेला की ही नोंद त्याच्या आधी तिथं पोचलेली असते.

आता शिरोळ तालुक्याकडे वळा. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर मुष्टियुद्धाचं नाव नाही. इथं कुस्ती आहे. यात्रेत, उरुसात हलगी कडाडली की सुरुवात लहान पोरांच्या रेवडीच्या कुस्त्यांनी होते आणि शेवट पहिल्या नंबरच्या कुस्तीनं. फलकावर गड्यांची नावं, त्यांच्या तालमी आणि इनाम. फलक पाहून कळतं की ही कुस्ती किती रुपयांची आहे. पण या गड्यानं गेल्या हंगामात किती कुस्त्या केल्या, किती जिंकल्या, किती निकाली झाल्या आणि किती बरोबरीत सोडवल्या, ते कळत नाही. ते वस्तादाच्या डोक्यात असतं, फार तर निवेदकाच्या. कोथळीच्या शंकर पुजारींसारखा निवेदक हातात माईक घेऊन गड्याचं गाव, त्याचा वस्ताद आणि त्याचा गाजलेला डाव तोंडपाठ सांगतो, तेव्हा मैदान डोलतं. ही विद्याच आहे. पण मैदान उठलं की ती हवेत विरते.

त्यामुळे आपल्याकडे उरतात ती शिखरं. दत्तवाडहून दूधगंगा ओलांडली की एकसंबा लागतं. तिथल्या श्रीपती खंचनाळे यांनी १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून पहिला हिंदकेसरी किताब आणला, हे या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. १९७७ साली बेळगावात हरिश्चंद्र बिराजदार आणि सतपाल यांची कुस्ती झाली, तिचं वर्णन म्हातारी माणसं आजही डावागणिक करतात. पण खंचनाळे घडत असताना तालमीत रोज ज्यांनी त्यांच्याशी लढत केली आणि रोज पाठीवर पडले, त्या पीटर बकलींची नावं कुठल्याही वहीत नाहीत.

खाशाबा जाधवांच्या बाबतीत आकडे उरले, कारण ती कुस्ती ऑलिंपिकची होती. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेला हा गडी १९४८ साली लंडनला गेला आणि ५२ किलो गटात सहावा आला. गादीवरच्या कुस्तीची फारशी सवय नसताना. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते. कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा ५७ किलो गटात उतरले, कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे गडी हरवले, जपानच्या शोहाची इशीकडून आणि सोव्हिएत संघाच्या राशिद मामेदबेयोवकडून हरले, आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं, म्हणजे ४४ वर्षं गेली. कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाल्याचं सांगतात. खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले, १९८३ साली निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला २००० साली, मरणानंतर १६ वर्षांनी.

भारताच्या हेवीवेट बॉक्सरची कहाणीही याच वळणाची. पंजाबचा कौर सिंग हा लष्करातला जवान. २७ जानेवारी १९८० ला दिल्लीत तो महंमद अलीसमोर प्रदर्शनीय लढतीत चार फेऱ्या खेळला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यानं हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं, त्याच वर्षी अर्जुन, पुढच्या वर्षी पद्मश्री. म्हातारपणी हृदयाच्या उपचारासाठी त्याला कर्ज काढावं लागलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये तो गेला. पदकांची नोंद होती, पण त्यापलीकडे त्याच्या शरीराचा हिशेब ठेवायचं कुणाच्या गावी नव्हतं.

वही कशासाठी

बॉक्सिंगमधली नोंद नुसती मिरवायला नसते. बाद झालेल्या बॉक्सरला काही आठवडे पुन्हा रिंगणात उतरू दिलं जात नाही, आणि तो कधी, कितव्या फेरीत बाद झाला हे लिहिलेलं असतं म्हणूनच ते शक्य होतं. १५ फेऱ्यांची जागतिक लढत १२ फेऱ्यांवर आली, तीही १९८२ साली दुक कू किम या कोरियन बॉक्सरच्या मृत्यूनंतर, लढतींचे आकडे समोर ठेवूनच. आपल्या मैदानात खांदा निखळलेला गडी चार दिवसांनी दुसऱ्या गावच्या यात्रेत उतरतो, तेव्हा त्याला थांबवायला ना फलक उपयोगी पडतो ना इनाम. जोड लावणाऱ्याला दिसतं ते फक्त बांधलेलं शरीर.

दुसरा फायदा पैशाचा. ब्रॅडॉकनं लुईसच्या नफ्यातला दहावा हिस्सा मागितला, कारण आपल्या नावाची किंमत किती हे त्याला कळत होतं. ती किंमत ठरली ती ८० हून जास्त लढतींच्या लेखी नोंदीवरून. आपल्याकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या गड्याकडे यात्रा कमिटीला दाखवायला कागदच नसतो. गेल्या वर्षी त्यानं चाळीस कुस्त्या निकाली केल्या असल्या, तरी तो नवीन गावात नवखाच.

आणि तिसरा फायदा ज्यांना कुणी ओळखत नाही त्यांचा. बेचाळीसला एक हा भाव काढता आला, कारण डग्लसचे चार पराभव माहीत होते. हलक्या गड्यानं मोठ्याला पाडणं किती मोठं, हे कळायला आधी तो किती वेळा पडला हे माहीत असावं लागतं. ती माहितीच नसेल तर त्याचा विजयही नुसती एक कुस्ती होऊन राहतो.

म्हणून तालमींना आणि यात्रा कमिट्यांना सांगणं एवढंच. मोठं संगणक केंद्र नको, समिती नको, अनुदानही नको. दोनशे पानी वही पुरे. तारीख, गाव, गडी, जोड, वजन, वेळ, निकाल आणि दुखापत झाली असेल तर ती. आठ रकाने. हलगी वाजायच्या आधी माईकजवळच्या टेबलावर एक पोरगा पेन घेऊन बसवा, आणि हरलेल्याचं नाव जिंकलेल्याच्या नावाइतक्याच ठळक अक्षरात लिहायला सांगा.